संगणक बरा केला, आडाचे काय?

पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की आरोग्य विभाग दोन कामे एकदम करतो. रुग्णाला सलाईन लावतो आणि आडात टीसीएल पावडर टाकतो. नुसत्या सलाईनने साथ आटोक्यात येत नाही, कारण बरा झालेला माणूस घरी जाऊन तेच पाणी पितो. घरच्या संगणकात व्हायरस शिरल्याचा संशय आला की आपण मात्र सलाईनवरच थांबतो. संगणक दुकानातून फॉरमॅट करून आणतो आणि पुन्हा त्याच राउटरला जोडतो. त्या राउटरचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून 'अ‍ॅडमिन'च असतो.

राउटर हा घरातला आड आहे. मोबाइल, टीव्ही, कॅमेरा सगळे त्यातूनच पाणी भरतात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीने घालून दिलेले साठेक पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. उपकरण बंद करून चालू केले की मिराई निघून जाई. पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत पुन्हा लागण होई.

जाळ्यातून रोग किती दूर जातो, हे महाराष्ट्रानेही पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' पसरला. त्याने मर्स्क समूहाचे जाळे ठप्प केले आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही थांबले.

म्हणून उपचाराचा क्रम पाळावा. पहिले विलगीकरण: संगणकाचे वायफाय बंद करा, केबल काढा, त्यातला पेनड्राइव्ह दुसरीकडे लावू नका. मग दुसऱ्या, निरोगी मोबाइलवरून मोबाइल डेटा वापरून पासवर्ड बदला. आधी ईमेलचा, नंतर बँकेचा. बाधित संगणकावरच नवा पासवर्ड टाकणे म्हणजे गढूळ पाण्याने हात धुणे. त्यानंतर फक्त फोटो आणि कागदपत्रे बाजूला काढून अस्सल विंडोज नव्याने टाका. विंडोज १० साठीचे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हेही लक्षात घ्या.

संगणक पुन्हा जोडण्याआधी राउटर रीसेट करा. जोडणीचे युजरनेम आधी मागून ठेवा, नाहीतर इंटरनेटच बंद पडेल. राउटरचा आणि वायफायचा असे दोन्ही पासवर्ड बदला, राउटरचे सॉफ्टवेअर अपडेट करा. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची साधने मोफत देते. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

धाराशिवच नव्हे, कळंब, परंडा, उमरग्यातही आज एकाच संगणकावर मुलीचा परीक्षेचा अर्ज, सातबारा, पीकविम्याची पावती आणि बँकेचा व्यवहार असतो. एवढा ऐवज ज्या जोडणीवर आहे, तिची पहिली जबाबदारी ती बसवणाऱ्याची असायला हवी. घरमालकासमोर पासवर्ड बदलून, तो त्यांच्या वहीत लिहून दिल्याशिवाय त्याने घराबाहेर पडू नये. या लसीला पाच मिनिटे लागतात. वायफाय बसवून घेणाऱ्याने ती मागून घ्यावी.