घरफाळ्याची दाद कोणाकडे मागायची? बनारस, मुंबई आणि वारणाकाठ

आजवरच्या धाग्यांत आपण गड पाहिले, तह पाहिले, ताम्रपटांवरची अक्षरे लावली. आज एक अगदी साधा कागद हाती घेऊ. त्याचे नाव ‘नमुना ८’. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा हा उतारा. त्यात आपल्या घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि त्यावर बसवलेला कर यांची नोंद असते. बखरी वाचणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या घराचा हा उतारा वाचला आहे?

उदाहरणासाठी वारणानगर घेतो, कारण तेथे हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. पन्हाळा तालुक्यातील या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची पायाभरणी केली आणि त्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा-महाविद्यालये, बालवाद्यवृंद असे एक नगरच उभे राहिले. १९९८ साली तर परिसरातील गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प येथे सुरू झाला, तेव्हा देशभरातून लोक तो पाहायला येत. दिसायला हे नगर आहे, तरी घरावरचा कर मात्र ग्रामपंचायतीच्या कायद्याने ठरतो. पुढचा सारा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

आधी शब्दाकडे पाहू. पुण्याकडे ‘घरपट्टी’ म्हणतात, आपल्या कोल्हापुरात ‘घरफाळा’. फाळा म्हणजे वाट्याला आलेली रक्कम. ‘फाळणी’शी नाते सांगणारा हा शब्द. एखादी पट्टी गावावर बसली की ती घरोघर फाळून द्यायची ही जुनी रीत. म्हणजे माझा फाळा चुकून वाढला तर तो शेजाऱ्याच्या कमी फाळ्याचाही प्रश्न होतो. इतका अर्थ या लहानशा शब्दात साठलेला आहे, आणि मला तो ‘मालमत्ता कर’ या कोरड्या जोडशब्दापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

मराठेशाहीच्या महसुलात शेतसाऱ्याखेरीज किरकोळ पट्ट्यांची लांबलचक यादी आढळते. व्यापारी आणि कारागिरांवर मोहतर्फा, लग्नावर लग्नटका, म्हशींवर म्हैसपट्टी, तशीच घरांवर घरपट्टी. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या प्रदेशाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पट्ट्यांची दखल आहे. घरपट्टीतून ब्राह्मण आणि गावकामगार वगळलेले असत, हेही त्यात येते. मराठेशाहीचे सगळेच सोन्याचे होते असे मानणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. कोणाच्या उंबऱ्यावर कर बसतो आणि कोणाचा उंबरा सुटतो, यात सत्तेची सारी रचना उघडी पडते.

आता थोडे उत्तरेकडे जाऊ. १८१० साली कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातील शहरांत घरांवर कर लावला: राहत्या घराच्या वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, दुकानांवर दहा टक्के. बनारसमध्ये लोहारांपासून सुरुवात झाली आणि पाहता पाहता सारे शहर बंद झाले. लोक घरे-दुकाने सोडून मैदानात जाऊन बसले. जातींच्या पंचायतींनी आपापल्या लोकांना शपथा घातल्या. मृतदेह नदीपर्यंत नेण्याची नित्य व्यवस्थाही कोलमडली. मागणी एकच, हा कर काढा. सरकारने अर्ज फेटाळले, फौजेची भीती घातली, मग सवलती दिल्या आणि अखेरीस करच मागे घेतला. धरमपाल यांनी १९७१ साली या प्रसंगाची कंपनीच्याच दप्तरातील कागदपत्रे प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्याला तो तपशिलाने ठाऊक आहे. गांधीजींच्या जन्माच्या जवळजवळ साठ वर्षे आधीचा हा सत्याग्रह, आणि त्याचे निमित्त घरफाळा.

पण बनारसच्या लोकांनी ‘माझ्या घराचे भाडे चुकीचे धरले’ असे म्हटले नव्हते. त्यांनी कर लावण्याचा अधिकारच नाकारला होता. ‘कर मान्य, आकडा अमान्य’ असे एकट्या घरमालकाने म्हणायचे आणि सरकारने त्याला कारणासह उत्तर द्यायचे, ही कल्पना वेगळी आहे. ती इंग्लंडातून आली. १८३६ च्या तेथील कायद्याने ठरवले की घराचे मूल्य म्हणजे ते वर्षावर्षाने भाड्याने दिले तर वाजवी अपेक्षेप्रमाणे येईल ते भाडे. प्रत्यक्ष भाडेकरू असो वा नसो, एक कल्पित भाडेकरू घरात बसवायचा आणि तो किती देईल हे पाहायचे. अगदी तीच व्याख्या मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात, कलम १५४ मध्ये उतरली. मूल्य असे कसोटीला लावले की त्यावर वाद घालता येतो. शेजारच्या घराचे भाडे दाखवता येते, गळके छप्पर दाखवता येते.

मुंबईची कथा तर अधिकच रंजक. १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड हा तेथे म्युनिसिपल कमिशनर होता. माणूस धडाडीचा, शहर त्याने पुष्कळ सुधारले, त्याच्या नावाची मंडई आपण आजही ओळखतो. पण पैसा पाण्यासारखा वाहिला, कर्ज वाढले आणि भार घरमालकांवर आला. १८७१ साली करदाते उठले. जेम्स फोर्ब्स, नवरोजी फर्दुनजी अशा मंडळींनी हिशेब मागितला. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र क्रॉफर्डची बाजू राखून वेगळाच मुद्दा मांडला: दोष माणसात नाही, लोकांनी निवडलेली सभा नाही यात आहे. यातून १८७२ चा कायदा झाला, महापालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार मोजकेच, पुरेसा कर भरणारे. गरिबाला त्यात जागा नव्हती. तरीही घरफाळ्याच्या तक्रारीतून मतपेटी जन्माला आली, हे नाकारता येत नाही. शिवाय १८८८ च्या अधिनियमाने आणखी एक दार उघडले. करयोग्य मूल्य अमान्य असेल तर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे अपील. म्हणजे कर लावणारा वेगळा आणि तक्रार ऐकणारा वेगळा.

आता परत वारणाकाठी येऊ.

ग्रामपंचायतीच्या कराचा आधार १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम. मध्यंतरी बरीच वर्षे केवळ क्षेत्रफळावर आकारणी होत होती. तिला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि २०१५ च्या डिसेंबरअखेर नवे नियम येऊन भांडवली मूल्याची पद्धत आली. तिचे सूत्र असे: जागेचे क्षेत्रफळ गुणिले शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील जमिनीचा दर, त्यात बांधकामाचे क्षेत्रफळ, बांधकामाच्या प्रकाराचा दर आणि घसारा यांचा गुणाकार मिळवायचा, या बेरजेला वापराचा भारांक लावायचा आणि हजारामागे ठरलेल्या दराने कर काढायचा. आकारणी साधारणतः दर चार वर्षांनी नव्याने होते.

सूत्र पाहताच इतिहासाच्या विद्यार्थ्याला हसू यावे. कल्पित भाडेकरू निघून गेला आणि त्याच्या जागी तक्ता आला! तक्त्याशी वाद घालता येत नाही, पण तक्त्यात जे भरले जाते त्याच्याशी घालता येतो, आणि तोच खरा मुद्दा. घर दगड-मातीचे असता नोंद सिमेंटच्या पक्क्या घराची. आजोबांच्या काळची वास्तू असून वय पाचच वर्षे धरलेले, त्यामुळे घसाऱ्याचा लाभ नाही. गुरांचा गोठा राहत्या क्षेत्रफळात मोजलेला. सोप्यातील किराणा बंद होऊन वर्षे लोटली तरी वापर ‘वाणिज्यिक’. यातली प्रत्येक चूक एका शब्दाची असते आणि ती फाळ्यात वर्षानुवर्षे वळवळत राहते.

कायदा दाद देतो. कलम १२४ प्रमाणे आकारणीने व्यथित झालेल्याने पंचायत समितीकडे अपील करायचे आणि त्यावर पुढचे अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तिचा निर्णय अंतिम. वारणानगरच्या घरमालकाने म्हणून पन्हाळ्याला जायचे आणि नंतर कोल्हापूरला.

माझी हरकत येथे आहे. कोल्हापूर शहरातल्या घरमालकाला महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशासमोर उभे राहता येते. तेथून सुमारे तीस किलोमीटरवरच्या वारणानगरात तोच माणूस राहत असेल तर त्याची तक्रार ऐकणार राजकीय समिती, जिचे सभासद बहुधा त्याच गटातटांतून आलेले. मुंबईच्या सदनिकेला १८८८ पासून मिळालेली गोष्ट कोडोलीच्या कौलारू घराला आजही नाही. त्यात २०२२ च्या मार्चनंतर निवडणुका रखडून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ‘लोकांनी निवडलेली सभा’ हे या अपिलाचे एकमेव समर्थन. त्या काळात तेही उरले नाही. ग्रामीण घरफाळ्याची अपिले दिवाणी न्यायाधीशाकडे जावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायालयांवर आधीच बोजा आहे, गावकऱ्याला वकील परवडणार नाही, हे आक्षेप खरे आहेत. मग तालुक्याला एक स्वतंत्र अधिकारी नेमा, पण तो कर लावणाऱ्याच्या गोतावळ्यातला नसावा.

कारखान्यांची गोष्ट पाहा. त्याच अधिनियमाच्या कलम १२५ ने कारखान्याला ग्रामपंचायतीशी करार करून, करांऐवजी ठोक रक्कम देण्याची मुभा दिली. म्हणजे मोठ्या करदात्याला टेबलावर बसून बोलणी करण्याची वाट मिळाली. सहकाराच्या माळावर वाढलेल्या तरुणांनी या कलमावर अवश्य विचार करावा. कारखाना सभासदांचा, गावही सभासदांचे, आणि घरफाळाही त्याच सभासदांचा.

‘चुकीचा कर आहे, मी भरणारच नाही’ असा बनारसी बाणा कोणाला सुचेल, तर सावध राहा. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास ग्रामपंचायतीचा सदस्य होण्यास अपात्रता येते. कलम १४ तसे सांगते. म्हणजे जो वाद घालतो तोच निवडणुकीच्या बाहेर पडतो. एकट्याने न भरणे हा सत्याग्रह ठरत नाही, ती नुसती थकबाकी होते. कर भरावा, सोबत हरकत नोंदवावी आणि अपील करावे.

अपील फुकट जाते असेही नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची आकारणी आली तेव्हा मोकळ्या जागेवर पुढे किती बांधता येईल हे धरून मूल्य लावणारे नियम केले गेले. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. जे अजून बांधलेच नाही त्यावर आज कर नको, एवढीच गोष्ट. पण ती वदवून घ्यायला बारा वर्षे लागली.

तर या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागा. त्यातील बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर हे तीन रकाने घरातल्या थोरांसमोर मोठ्याने वाचा. घर केव्हा बांधले हे आजीला नक्की ठाऊक असते. चूक आढळली तर अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.