नेलपॉलिश लावावे निवांतपणे

साडी नेसून झाली, गजरा माळून झाला, रिक्षा दारात येऊन उभी राहिली आणि तेवढ्यात आठवण होते नेलपॉलिशची. घाईघाईने एकच जाड थर दिला जातो, फुंकर मारली जाते आणि पर्सची चेन लावताना अंगठ्यावरचा रंग सरकतो. कधी तर त्याचा डाग नव्या साडीवरच उमटतो. मग बोल लावला जातो बाटलीला. पण चुकलेला असतो तो वेळेचा हिशेब.

वाळायला वेळ का लागतो?

साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हे द्रव्य इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा चटकन उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळवलेले असते. हे द्रव उडून गेले की नखावर कडक पापुद्रा उरतो. थर जाड असला तर वरचा भाग आधी सुकतो आणि आतला ओलावा तसाच कोंडून राहतो. म्हणूनच कोरडे वाटणारे नेलपॉलिश लावून झोपल्यास सकाळी त्यावर चादरीची नक्षी उमटलेली दिसते. पातळ थर काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो. पक्का व्हायला मात्र एक-दोन तास द्यावेच लागतात.

निवड कशी करावी?

दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या गृहिणीला फिकट गुलाबी किंवा बदामी छटा सोयीची. तिचा टवका उडाला तरी लगेच नजरेत येत नाही. गडद लाल, मरून रंग समारंभात खुलून दिसतात. पण त्यांनी नखे पिवळट पडू शकतात, म्हणून आधी रंगहीन बेस कोट लावावा. घट्ट झालेल्या जुन्या बाटलीत रिमूव्हर ओतू नये. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरेत.

लावताना

नखांवरचा तेलकटपणा रिमूव्हरने पुसून घ्यावा. बाटली जोरात हलवली तर बुडबुडे येतात. ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवावी. दोन पातळ थर द्यावेत आणि मध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. थंड पाण्यात बोटे बुडवल्याने वरचा भाग थोडा आवळतो, आतला ओलाच राहतो. कणीक मळणे, भांडी घासणे, गरम पाण्याने आंघोळ ही कामे आधीच उरकावीत.

हेही लक्षात असू द्या

नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. पेटत्या गॅसजवळ किंवा निरांजनापाशी बसून ती वापरू नयेत. खिडकी उघडी ठेवावी. शस्त्रक्रियेसाठी जाताना नखे स्वच्छ पुसून जावे. रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर बोटाच्या टोकाला लावतात आणि गडद रंगामुळे त्याचा आकडा चुकू शकतो. घरी ताप-खोकल्यात ऑक्सिमीटर लावतानाही हीच काळजी घ्यावी.

उद्या सकाळी कार्यक्रम असेल तर रात्रीची झाकपाक आटोपल्यावर, झोपण्याच्या दोन तास आधी नेलपॉलिश लावून टाकावे. सकाळी साडी नेसताना जीव धास्तावत नाही.