कमरेवरचा भार आधी उतरवा



"गरोदरपणात कंबर दुखायचीच, आम्ही नाही का सोसलं?" हे बोलणे आपल्या वाडीवस्तीवर नेहमी ऐकू येते. कंबर दुखणे स्वाभाविक आहे हे खरे, पण म्हणून सोसत बसावे हे आम्हांस मान्य नाही. बऱ्याच जणींचे हे दुखणे औषधाविना कमी करता येते. त्यासाठी घरच्या माणसांनी थोडे हलायला मात्र हवे.

दिवस गेल्यावर बाईच्या शरीरातील सांध्यांचे बंध सैल होतात. बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गानेच केलेली ही तजवीज आहे. पोट वाढते तसा तोल पुढे जातो आणि ताण कमरेवर येतो. बाळंतपणानंतरही हे बंध पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. अशा दिवसांत डोईवर घागर, वाकून गोठा झाडणे, वैरणीचा भारा हे चालूच राहिले, तर कंबर दुखेल नाहीतर काय!

दुकानातून गोळी आणून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या २० आठवड्यांनंतर पोटातील बाळाच्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी नको.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. झोळ पडलेल्या बाजेवर न निजता सपाट अंथरुणावर कुशीवर निजावे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवावी. खालची वस्तू उचलताना कमरेत न वाकता गुडघे मोडून बसावे. हात-गुडघे जमिनीला टेकून पाठ मांजरीसारखी हळूच वर उचलावी व पुन्हा सरळ करावी. जमेल तसे आठ-दहा वेळा करावे. कोमट पाण्याच्या पिशवीने कंबर शेकावी, पोट शेकू नये. रोज थोडे चालावे. पाजताना भिंतीला पाठ टेकून मांडीवर उशी घ्यावी आणि बाळाला छातीशी आणावे. आपण बाळावर वाकू नये. पोट फाडून बाळंतपण झाले असेल, तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

मात्र कळा थांबून थांबून येत असतील, अंगावरून रक्त वा पाणी जात असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, पायाला बधिरपणा आला असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावा. एरवीच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत दरमहा ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे, तिचा लाभ घ्यावा.

आता आपल्या फडाकडे वळू. आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल जोडीवर घेतलेली असते. बाई बसली की खाडा पडतो, म्हणून भरल्या दिवसांतही ती डोईवर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरते. तिला "गुडघ्यांत गोधडी ठेवून नीज" असे सांगण्यात काय अर्थ? तिचा उपाय तिच्या हाती नाही, तो करार करणाऱ्यांच्या हाती आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला मोळी वाहायला लावू नये व तिच्या विश्रांतीचा खाडा धरू नये, ही अट तोडणीचे करार होतानाच घालावी. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा. तोपर्यंत आपल्या फडात अशी बाई दिसली, तर गाडी भरायला घरचे दोन गडी लावावेत. साखरेच्या पोत्यामागे तिचीही कंबर आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल.