पाट्या कोणासाठी?

गेल्या सोमवारी आमच्या मावशी धापा टाकत आल्या. नऊ मजले चढून! "काय करू ताई, लिफ्ट बंद आहे ना." बंद होती ती मागची. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी पुढची वापरावी, असं दारावर लिहिलं होतं, पण इंग्रजीत. आणि तो कागद कमिटीसाठी मीच टाइप केला होता.

मावशी सातवी शिकलेल्या आहेत. घरी आल्यावर पेपरवर आधी त्यांचीच नजर फिरते. त्या दिवशी त्यांना अडाणी केलं ते माझ्या कागदाने.

मग मी लॉबीतल्या पाट्या नीट पाहिल्या. स्वागत इंग्रजीत, पाणीकपात इंग्रजीत, सभेची सूचना इंग्रजीत. मराठीत काय? 'थुंकू नये' आणि 'घरकाम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी'. मावशींना मनाई वाचता आली, परवानगी नाही.

मुंबईत दुकानांच्या पाट्यांवरून केवढा गदारोळ झाला. 2022 मध्ये कायदा बदलला, मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत असं ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. आता 'फॅशन कॉर्नर' देवनागरीत वाचता येतं, तेही काही कमी नाही. पण तो नियम दुकानांचा. लिफ्टच्या दारावर कोण बघायला येणार?

आमचे सेक्रेटरी म्हणतात, बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, तमिळ, मल्याळी सगळे आहेत, इंग्रजी सगळ्यांना चालते. सगळ्यांना म्हणजे फ्लॅटवाल्यांना. वॉचमन उत्तर प्रदेशचा, सफाईवाले जालन्याचे. दोघांनाही देवनागरी वाचता येते. माझ्या सासूबाईंनाही इंग्रजी येत नाही, पण त्यांना वाचून दाखवायला आम्ही घरात आहोत. खरं सांगू? इंग्रजी कागद लावला की बिल्डिंग जरा 'बरी' वाटते, हे माझ्याही मनात होतंच.

त्याच संध्याकाळी मी कागदाखाली स्केचपेनने मराठीत दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी मावशी लिफ्टने वर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, दुरुस्तीतला 'रु' पहिला असतो. तुम्ही दुसरा काढलाय."

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. मागच्या लिफ्टच्या त्या पाटीचाही विषय काढणार आहे. किती जणी माझ्या बाजूने बोलतील, बघू.