गुत्त्यावरची तत्पर सेवा

आमच्या वस्तीच्या तोंडाशी देशी दारूचे दुकान आहे. रात्रपाळीहून परतणारा सफाई कामगार असो की नाक्यावर काम न मिळालेला बिगारी, मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो. मागण्याआधी क्वार्टर पुढे येते, पैसे नसले तर वहीत उधारी मांडली जाते. याच माणसाला रेशनच्या दुकानात चार खेपा घालाव्या लागतात, सरकारी दवाखान्यात अरे-तुरे ऐकावे लागते. मग मान शोधायला तो गुत्त्यावर गेला, यात नवल काय?

पण हा मान माणसाचा नव्हे, खिशाचा आहे. पगाराच्या दिवशी वही उघडते आणि घरातली चूल थंड पडते. राज्यघटनेचे कलम 47 शासनाला दारूबंदीसाठी झटायला सांगते. शासन उत्पादन शुल्क मोजत बसते. नुसते दुकान हटवले तर हातभट्टी येते. तिने 2015 साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गिळली.

म्हणून आयाबहिणींनी मतदानाने बाटली आडवी करावीच. पण त्याच नाक्यावर तितकाच तत्पर दवाखाना आणि वाचनालयही मागावे. आमच्या माणसाला नावाने हाक मारणारी जागा दारूचीच का असावी?