जुन्या नकाशावर विसंबू नका



आमच्या शिळफाट्याला यायचे म्हटले की नवख्या पाहुण्याची हमखास फजिती होते. खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा आमचा शिळफाटा वेगळा आणि मुंब्रा-कल्याणकडचा शिळफाटा वेगळा. मागे एका कार्यक्रमाला येणारे पाहुणे त्या दुसऱ्या फाट्यावर उतरले आणि तिथेच आमच्या विहाराचा पत्ता विचारत राहिले. नाव बरोबर, ठिकाण चूक! त्या दिवशी आम्ही सगळे पोटभर हसलो. पण एका नावाच्या अशाच चुकीपायी तीन माणसे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरून पुन्हा कैदेत गेली. त्यांची हकीकत आज सांगायची आहे, आणि शेवटी आमच्या हातून झालेली एक चूकही कबूल करायची आहे.

हकीकत आहे ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची. हवाई दलातून निवृत्त झालेला हा शूर मराठी वैमानिक ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्यातून गेला. मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर शत्रूच्या गोळ्या बसल्या, त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून बाहेर उडी घे, असा सल्ला वरिष्ठांनी दिला. परुळकरांनी तो मानला नाही. जखमी खांद्याने ते मोडके विमान त्यांनी तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

पुढे १९७१ चे युद्ध आले. १० डिसेंबरला त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत इतर भारतीय वैमानिकही होते. युद्ध १६ डिसेंबरला संपले, पण कैद्यांची सुटका होईना. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी कैद्यांचा प्रश्न पुढच्या बोलण्यांवर ढकलला गेला. घरी आई-वडील वाट पाहत होते आणि इकडे दिवसामागून दिवस जात होते.

परुळकर स्वस्थ बसणारे नव्हते. पकडलो गेलो तर पळून येईन, असे त्यांनी युद्धाआधीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवले होते. कात्री, स्क्रूड्रायव्हर अशा मिळतील त्या हत्यारांनी त्यांनी व सोबत्यांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा सैल केल्या. निघालेला चुरा लपवून ठेवला. होकायंत्र घरगुती युक्तीने बनवले. वाटेची माहिती मिळाली ती शाळेच्या ॲटलासमधून. मग १२ ऑगस्ट १९७२, शनिवारची रात्र आली. वादळी पावसात परुळकर, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंतीच्या भोकातून बाहेर पडले.

पूर्वेला भारताची सीमा जवळ होती, पण तिथे पहारा कडक. म्हणून त्यांनी उलटी दिशा धरली. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीतून लंडी कोतल. अफगाणिस्तानची सीमा आता अवघी चार-पाच मैल राहिली होती. ॲटलासमध्ये सीमेजवळचे एक रेल्वे स्थानक दाखवले होते, लंडी खाना. तिघांनी बाजारात विचारले, लंडी खान्याला जायला भाडे किती?

इथेच घात झाला. कारण लंडी खान्यापर्यंतची रेल्वे १९३२ सालीच बंद झाली होती! आपल्या बोरघाटातले जुने रिव्हर्सिंग स्टेशन नव्या मार्गामुळे गेले, तसेच तेही गेले होते. नाव मात्र ॲटलासमध्ये राहून गेले. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाला हे परके लोक कसे काय निघाले, असा संशय तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला आला. त्या दिवसांत बंगाली लोक त्या वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते, हेही त्यातलेच असावेत, असा त्याचा तर्क. भिंत फोडणाऱ्या, पहारेकऱ्यांना चुकवणाऱ्या वैमानिकांना शेवटी एका कारकुनाने अडवले. आम्हीही कारकूनच. त्यामुळे हा भाग वाचताना त्याच्या नजरेचे कौतुक करावे की हळहळावे, हे आम्हाला कळेना.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच लोक आहोत, असे तिघांनी सांगून पाहिले. कोणाला पटले नाही. प्रसंग जिवावर आला. तेव्हा परुळकरांनी एक नाव पुढे केले, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद. हे गृहस्थ पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. कैद्यांना त्यांनी माणसासारखे वागवले होते. आता ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या कार्यालयात होते. फोन लागला. हे आमचेच कैदी आहेत, यांना हात लावू नका, असे त्यांनी बजावले आणि तिघांचा जीव वाचला. शत्रूच्या गणवेशातही माणूस असतो, हे परुळकर पुढे कधी विसरले नाहीत. बंधूंनो, ही मैत्री कोणत्या पुस्तकातून शिकवायची?

पळून जाण्याचा प्रयत्न फसला तर युद्धकैद्याला किरकोळ शिस्तभंगाचीच शिक्षा देता येते, आणि तीही ३० दिवसांहून जास्त नाही, असा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा नियम आहे. कैद्यांना मग ल्यालपूरच्या तुरुंगात हलवले. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा सीमेवरून मायदेशी परतले. या प्रयत्नाबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. लक्षात घ्या, पळण्याचा बेत फसला होता, तरी पदक मिळाले. पुढे सिंगापूरला त्यांची नेमणूक झाली आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, बटालियन कमांडर म्हणून त्यांनी तरुण छात्रांना घडवले.

आता आमची कबुली. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. वस्तीतले लोक अर्ज लिहायला, फॉर्म भरायला आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी दहावी झालेला एक हुशार मुलगा आला. म्हणाला, "काका, मला विमान चालवायचंय. हवाई दलात जायला काय करू?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "बारावी हो, कोणतीही शाखा चालते. कॉमर्स घे, आम्ही शिकवू." हे आम्ही कधीतरी भूदलाबद्दल ऐकले होते आणि तेच हवाई दलालाही लावून मोकळे झालो. जाहिरात वाचली नव्हती. दोन वर्षांनी त्याने फॉर्म आणला तेव्हा कळले की हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागते. एकदा त्याने भूदलासाठी परीक्षा दिली, ती निघाली नाही. आज तो कारखान्यात पाळीवर जातो. त्याचे वडील एवढेच म्हणाले, "भाऊ, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." त्यांनी आम्हाला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या वैमानिकांच्या हाती जुना नकाशा आला, तो नाइलाजाने. कोठडीत दुसरा कुठून मिळणार? आमच्या हाताशी तर जाहिरात होती, वाचनालय होते. आम्हाला सबब नाही.

म्हणून पालकांनो, आज नीट विचारून, वाचून सांगतो. एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यानंतरची निवड मंडळाची मुलाखत-चाचणीही ९०० गुणांची. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आणि मुलींना फी नाही. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, तिथे दहावीनंतर मुलांची निवड होते. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली आहे. वयाच्या अटी आणि तारखा दर वेळी जाहिरातीत येतात. त्या आमच्या तोंडून नव्हे, त्या वर्षाच्या जाहिरातीतून वाचा.

अकरावीची शाखा निवडणे म्हणजे वाट धरणे. तिथे शेजाऱ्याचे, पाहुण्याचे, आमच्यासारख्या कारकुनाचेही ऐकीव बोलणे प्रमाण मानू नका. लेकराला जिथे पोहोचायचे आहे ते स्थानक आज चालू आहे की बंद झाले, एवढे आधी विचारा. आणि एवढे करूनही प्रयत्न फसला, तर त्याला घरात नाकर्ता म्हणू नका. फसलेल्या प्रयत्नालाही या देशाने पदक दिले आहे.

त्या मुलाची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. परवा ती आमच्याकडे आली होती. या वेळी तोंड उघडण्याआधी आम्ही जाहिरात काढून तिच्यापुढे ठेवली.