टॅबला दार एकाच बाजूने हवे

सुट्टीच्या हंगामात नागावचा होमस्टेवाला दिवसभर वाडीत, किनाऱ्यावर नाहीतर अलिबागच्या बाजारात असतो. खोल्यांचे बुकिंग आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती मात्र घरच्या संगणकात. हातातल्या टॅबवरून तो संगणक चालवायचा, तर रिमोट डेस्कटॉप अ‍ॅप लागते. कोणते घ्यावे?

माझ्या मते, सोयी मोजण्याआधी एकच प्रश्न विचारा : या अ‍ॅपमधून माझा टॅबही दुसऱ्याला दिसू शकतो का? एनीडेस्कसारखी अ‍ॅप दोन्ही बाजूंनी चालतात. त्यात अ‍ॅपचा दोष नाही, पण भामट्यांना तेच हवे असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते : फोन करणारा एनीडेस्क घ्यायला लावतो, नऊ आकडी कोड विचारतो आणि ग्राहकाच्याच मोबाइलवरून यूपीआयने पैसे काढतो. ज्या टॅबवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असे दार नकोच.

क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये टॅबवरून संगणक दिसतो, टॅब कुणाला दिसत नाही. संगणकाला किमान सहा आकडी पिन द्यावा लागतो. तो जन्मतारखेचा नको. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी आणि टॅबला स्क्रीनलॉक हवाच. टॅब हरवला, तर दुसऱ्या फोनवरून त्याला खात्यातून आधी बाहेर काढा.

पाहुणा आधार कार्ड देतो ते विश्वासाने. तो जपणे हेही यजमानाचेच काम. आणि पैशांची फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा.